आधी दिवा, मग हात

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी म्हणजे तिसरी भाषा, पास होण्यापुरती. बाकी मग सुट्टीत आजीशी बोलते तेवढंच. पण यंदा आमच्या डिपार्टमेंटच्या सर्व्हर रूममध्ये एक प्रसंग असा घडला की तो मला मराठीतच नीट सांगता येईल. का, ते पुढे कळेलच. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी दुरुस्त कराव्यात, बाकीच्या चुकांची जबाबदारी माझी!

एक सूचना आधीच देते. हा मराठी विभाग असल्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

प्रसंग एप्रिलमधला. फायनल इयरच्या प्रोजेक्ट सबमिशनला दहा दिवस उरलेले. डिपार्टमेंटचा एक जुना रॅक सर्व्हर आहे. त्याच्यावर फायनल इयरच्या सगळ्या ग्रुपचे प्रोजेक्ट, रिपोर्ट आणि रीडिंग्ज ठेवलेली असतात. आमच्या मजल्यावरची एक ताई आहे, तिच्या ग्रुपने वर्षभर सेन्सर लावून मातीतल्या ओलाव्याची रीडिंग्ज घेतली होती. तीही तिथेच. शेवटचा बॅकअप दिवाळीच्या सुट्टीआधीचा, म्हणजे त्यानंतरचं सगळं फक्त त्या एका डब्यात!

सर्व्हरला पुढच्या बाजूला आठ खाचा आहेत. पहिल्या सहांत डिस्क, शेवटच्या दोन रिकाम्या. त्या दिवशी दुपारी दोन डिस्कवर नारिंगी दिवे दिसले. एक स्थिर, दुसरा लुकलुकणारा. सर दुसऱ्या कॉलेजमध्ये ओरल घ्यायला गेले होते. मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि सर्व्हर रूममध्ये मदतनीस म्हणून काम करते, म्हणून फोन मला आला. "आधी फायनल इयरचं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करायला लाव. नवीन डिस्क कपाटात आहे. पाच नंबरची गेली असेल तर ती बदलून टाक. आधी बघ मात्र." एवढं बोलून सरांनी फोन ठेवला.

"आधी बघ" हे त्यातले सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द होते, हे मला तासाभराने कळलं.

मेसचा हिशेब आणि रेड

पुढचं समजण्यासाठी रेड म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. १९८८ साली अमेरिकेत बर्कले इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक पेपर लिहिला. मुद्दा असा, की एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक छोट्या स्वस्त डिस्क एकत्र जोडा आणि थोडी जादा माहिती साठवा, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी काम अडणार नाही. या जोडणीला रेड म्हणतात. तिचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तंतोतंत एकच मजकूर असतो, म्हणजे आरसाच. रेड ५ जरा हुशार आहे.

रूमवर आम्ही तिघी मिळून खाऊ आणतो. समजा एकीचे ४० रुपये झाले, दुसरीचे २५, तिसरीचे ३०. प्रत्येकीचा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि चौथ्या चिठ्ठीवर एकूण ९५. आता चारांपैकी कुठलीही एक चिठ्ठी हरवू द्या, बाकीच्या तिघींवरून ती पुन्हा लिहिता येते. दुसरी हरवली? ९५ मधून ४० आणि ३० वजा करा, २५ मिळाले. पण दोन चिठ्ठ्या हरवल्या तर मात्र फक्त भांडण उरतं.

रेड ५ हेच करतं, फक्त बेरजेऐवजी एक्सॉर वापरून. एक्सॉर म्हणजे हातचा न घेता केलेली बायनरी बेरीज. तीन डिस्कवर १०११, ०११० आणि ११०० असेल तर चौथ्या जागी ०००१ येतं. मधली ०११० गेली तर उरलेल्या तिघांचं एक्सॉर करा, पुन्हा ०११० हजर! खरीखुरी जोडणी करताना ही 'एकूण'ची चिठ्ठी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने वाटतात, म्हणजे एकाच डिस्कवर ताण येत नाही. ३०० जीबीच्या चार डिस्क असतील तर वापरायला ९०० जीबी मिळतात. एका डिस्कएवढी जागा हिशेबासाठी जाते.

आमच्या सर्व्हरवर १ आणि २ नंबरच्या डिस्कचं रेड १ आहे, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम. ३ ते ६ या चार डिस्कचं रेड ५, त्यावर सगळ्यांचा डेटा. या जोड्या जुळवणारं कार्ड म्हणजे स्टोरेज कंट्रोलर. ऑपरेटिंग सिस्टिमला सहा डिस्क दिसतच नाहीत. कंट्रोलर तिला सांगतो, "बाई, तुझ्यासाठी दोनच डिस्क आहेत, एक छोटी, एक मोठी." या मानलेल्या डिस्कला लॉजिकल ड्राइव्ह म्हणतात, कमांडमध्ये एलडी. खाचेतल्या खऱ्या डिस्कला फिजिकल ड्राइव्ह, म्हणजे पीडी. हा फरक ज्याला कळला त्याचं अर्धं काम झालं.

काळा पडदा

या कंट्रोलरशी बोलायला आमच्याकडे फक्त काळा पडदा आहे. माउस नाही, चित्रं नाहीत. कार्ड स्मार्ट अ‍ॅरे जातीचं, आणि त्याच्याशी बोलायच्या प्रोग्रॅमचं नाव एसएसएसीएलआय. पूर्वी हाच प्रोग्रॅम एचपीएसीयूसीएलआय आणि मग एचपीएसएसएसीएलआय या नावांनी यायचा. २०१५ साली एचपी कंपनीचे दोन भाग झाले, त्यानंतरच्या नावात सुरुवातीचं एचपी उरलं नाही. नाव बदललं तरी व्याकरण तेच राहिलं, म्हणून जुन्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांना फारसं नवीन शिकावं लागत नाही.

त्या व्याकरणाबद्दलच मला सांगायचं आहे. पहिल्यांदा मी हा प्रोग्रॅम उघडला तेव्हा इंग्रजीत विचार करून "डिलीट एलडी ३" असं काहीतरी टाइप केलं होतं. सरावासाठीच्या मशीनवर, घाबरू नका! कंट्रोलरने चक्क नाकारलं. इंग्रजीत हुकूम देताना क्रियापद आधी येतं. पुसून टाक, काय ते मग सांगतो. इथे तसं चालत नाही. इथे वाक्याचे तीन भाग असतात: आधी कोण, मग काय करायचं, आणि गरज असेल तर कसं.

सीटीआरएल स्लॉट=० एलडी ३ डिलीट

हे मोठ्याने वाचा. 'स्लॉट शून्यमधल्या कंट्रोलरची लॉजिकल ड्राइव्ह तीन पुसा.' मराठी झालं की नाही? आपण "पुस्तक आण" म्हणतो, "आण पुस्तक" एरवी म्हणत नाही. आधी कर्म, मग क्रियापद. शाळेत मराठीच्या बाईंनी घोकून घेतलेलं व्याकरण मला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कामाला आलं. तेव्हापासून मी या कमांड मनातल्या मनात मराठीत वाचते.

आणखी काही नमुने बघा. स्लॉट म्हणजे कार्ड मदरबोर्डवर कुठल्या जागी बसलं आहे तो नंबर.

सीटीआरएल ऑल शो
(सगळे कंट्रोलर दाखव.)

सीटीआरएल स्लॉट=० शो कॉन्फिग
(या कंट्रोलरखाली काय काय जोडलं आहे ते सगळं दाखव.)

सीटीआरएल स्लॉट=० पीडी ऑल शो स्टेटस
(सगळ्या खऱ्या डिस्कची तब्येत सांग.)

'शो' असलेली कमांड कितीही वेळा चालवा, काही बिघडत नाही. नवीन माणसाने आठवडाभर फक्त 'शो' खेळावं असं माझं मत आहे. घाम फुटतो तो क्रिएट, मॉडिफाय आणि डिलीट या तिघांपाशी. नवीन रेड ५ बनवायचं तर असं लिहितात:

सीटीआरएल स्लॉट=० क्रिएट टाइप=एलडी ड्राइव्ह्ज=१आय:१:३,१आय:१:४,२आय:१:५,२आय:१:६ रेड=५

ते १आय:१:३ वगैरे म्हणजे डिस्कचा पत्ता. पहिला भाग पोर्ट, दुसरा बॉक्स, तिसरा खाच. हॉस्टेलच्या पत्त्यासारखंच, विंग, मजला, खोली. आमच्या सर्व्हरमध्ये पहिल्या चार खाचा १आय या पोर्टवर आहेत आणि पुढच्या २आय वर. त्यामुळे चारच्या पुढे गेलं की पत्त्याची सुरुवातसुद्धा बदलते. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही, नाहीतर वाक्य तिथेच तुटतं. काय किंमत द्यावी ते आठवत नसेल तर काही ठिकाणी बरोबरच्या चिन्हापुढे प्रश्नचिन्ह टाकता येतं. रेड=? असं लिहिलं की त्या डिस्कवर कुठले प्रकार जमतील ते कंट्रोलर सांगतो. ओरलला अशी सोय असती तर!

दोन शब्दांपासून मात्र जपून राहा. एक 'ऑल'. "पीडी ऑल शो" निरागस आहे, पण "एलडी ऑल डिलीट" हेही व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध वाक्य आहे. दुसरा 'फोर्स्ड'. एखादं काम धोक्याचं असेल तर प्रोग्रॅम विचारतो, खरंच करू का? कमांडच्या शेवटी 'फोर्स्ड' लिहिलं तर तो विचारतच नाही. स्क्रिप्टमध्ये याचा उपयोग आहे. रात्री दोन वाजता, झोपेत, हाताने टाइप करताना अजिबात नाही.

तिसरी एक गोष्ट सर्वनामाची. "सेट टार्गेट सीटीआरएल स्लॉट=०" असं एकदा म्हटलं की पुढच्या कमांडमध्ये कंट्रोलरचं नाव घ्यावं लागत नाही. बोट वाचतात, पण धोका तोच जो "त्याला काढून टाक" या वाक्यात असतो. 'तो' म्हणजे नक्की कोण? "शो टार्गेट" म्हणून विचारून घ्यावं, काम झालं की "क्लिअर टार्गेट" करावं. मी तर पूर्ण नावच घेते.

शून्यापासून मोजणारी मुलगी

आता त्या दुपारकडे येते. फोल्डरची कॉपी सुरू केली. स्टेटस बघितलं. २आय:१:५ समोर 'फेल्ड', म्हणजे गेलेली. २आय:१:६ समोर 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर', म्हणजे अजून चालू आहे, पण लक्षणं ठीक नाहीत. रेड ५ च्या लॉजिकल ड्राइव्हपुढे 'इंटरिम रिकव्हरी मोड' असं आलं. साध्या भाषेत, एक चिठ्ठी हरवली आहे आणि प्रत्येक वेळी बाकीच्या तिघींवरून हिशेब करून मी काम चालवतोय. डिस्क वर्षानुवर्षं अखंड फिरत होत्या, एकाच वेळी बसवलेल्या, त्यामुळे एकाच वेळी थकल्या. यात दोष कोणाचाच नाही.

मला वाटलं, झालं की! पाच नंबर गेली हे कन्फर्म. कपाटातून नवीन डिस्क काढली आणि सर्व्हरपुढे उभी राहिले. खाचांवरचे नंबरचे स्टिकर पुसट झालेले. मी डावीकडून मोजायला लागले. दोन वर्षं सी आणि जावा लिहून सवय अशी झाली आहे की बोट आपोआप म्हणालं: शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवर थांबले. तिथे नारिंगी दिवा होताच! शंका यायचं काही कारणच नव्हतं. खटका दाबायला अंगठा ठेवला.

ती सहावी खाच होती.

आमच्या लॅबमध्ये एक काका आहेत. आयटीआय करून आलेले, कॉलेज सुरू झाल्यापासून इथेच. ते मागे यूपीएसच्या बॅटरीत पाणी घालत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पोरी, दिवा लावलास का?"

"लागलाय ना काका, नारिंगी."

"तो त्याने लावला. तू लावलास का?" मग उठून आले. "दिवे दोन आहेत. बोट कशाला मोजतंय? ज्याच्याशी बोलतेस त्यालाच विचार की. आधी दिवा लाव, मग हात लाव."

मला कळेना. ते म्हणाले, "अगं, सर टाइप करतात ना, निळा दिवा लागतो." मग आठवलं. सरांच्या वहीत ती ओळ होती.

सीटीआरएल स्लॉट=० पीडी २आय:१:५ मॉडिफाय एलईडी=ऑन

एंटर दाबलं. आणि माझ्या अंगठ्याखालच्या नव्हे, त्याच्या शेजारच्या डिस्कवर निळा आणि नारिंगी दिवा आळीपाळीने लागायला लागला.

मी तिथल्या स्टुलावर बसले. सहावी आजारी असली तरी जिवंत होती. पाचवी आधीच गेलेली. सहावी मी ओढली असती तर चारपैकी दोन चिठ्ठ्या हरवल्या असत्या, आणि रेड ५ ला दोनाचा हिशेब येत नाही. ड्राइव्ह तिथेच बंद पडली असती. कॉपी तेव्हा जेमतेम दहा टक्के झाली होती. कमांड बरोबर, व्याकरण बरोबर, स्क्रीनवर एकही एरर नाही. चूक फक्त स्क्रीन आणि बोट यांच्या मधल्या दीड फुटात होती.

काका म्हणाले, "आणि कॉपी पूर्ण होऊ दे आधी. नवीन डिस्क बसवली की बाकीच्या तिन्ही पळायला लागतात, त्यातली एक लंगडी आहे." हे तर मी परीक्षेत लिहिलं होतं! रिबिल्ड करताना उरलेल्या सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, त्यामुळे दुसरी डिस्क जाण्याची भीती नेमकी तेव्हाच असते. सहा मार्कांचा प्रश्न मला येत होता, त्याचा अर्थ काकांना येत होता.

कॉपी रात्री उशिरा संपली. रेक्टर मॅडमची परवानगी काढून मी थांबले होते. फोल्डर उघडून फाइल उघडतात का ते बघितलं, मग पाचवी बदलली, दिव्याकडे बघून. स्टेटसमध्ये 'रिकव्हरिंग' आणि पुढे टक्के दिसायला लागले. एकाचे दोन, दोनाचे तीन... सकाळी 'ओके' आलं. पुढच्या आठवड्यात सहावी आली, तीही दिवा लावूनच बदलली. मग निळा दिवा 'एलईडी=ऑफ' करून बंद केला. तो विसरायचा नाही, नाहीतर पुढचा माणूस फसतो.

सगळीकडे एकच भाषा नाही

हे एका जातीच्या कार्डाचं झालं. मेगारेड कार्डाशी स्टोअरसीएलआय नावाच्या प्रोग्रॅमने बोलतात. तिथेही आधी कोण, मग काय. पत्ता मात्र फाइलच्या रस्त्यासारखा, तिरक्या रेघा देऊन लिहितात:

स्टोअरसीएलआय /सी०/ई२५२/एस४ स्टार्ट लोकेट

सी म्हणजे कंट्रोलर, ई म्हणजे डिस्कचा पिंजरा आणि एस म्हणजे खाच. 'स्टार्ट लोकेट' म्हणजे दिवा लाव, 'स्टॉप लोकेट' म्हणजे विझव. मोजणी मात्र तिथे साधारणपणे शून्यापासून असते, म्हणजे एस४ ही पाचवी खाच! माझी सवय तिथे बरोबर ठरली असती. म्हणूनच सवयीवर जायचं नाही.

कार्ड नसेल तर लिनक्स स्वतः रेड करू शकतं, एमडीएडीएम या कमांडने. तिथे वाक्य इंग्रजी वळणाचं, क्रियापद आधी. डॅश डॅश क्रिएट, मग ड्राइव्हचं नाव, मग लेव्हल, मग डिस्क. आणि एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. काल जी बी होती ती आज सी. म्हणून डिस्कवर छापलेला सिरीयल नंबर बघून काम करावं. माणसाला रोल नंबरने न ओळखता चेहऱ्याने ओळखण्यासारखं आहे ते.

शेवटची गोष्ट म्हणजे रेड हा बॅकअप नाही. डिस्क गेली तर रेड वाचवतं. तुम्ही स्वतः फाइल पुसली तर ती सगळ्या डिस्कवरून एकदमच, अतिशय विश्वासाने पुसली जाते. आमच्या डिपार्टमेंटमध्ये आता दर शनिवारी बॅकअप घेतला जातो, आणि त्या वहीत सही माझी असते.

मशीन आपलं व्याकरण तपासतं, अर्थ तपासत नाही. शुद्ध भाषेत चुकीच्या डिस्कचं नाव घेतलं तर ते शुद्ध भाषेतच पुसलं जातं. त्यामुळे एंटर दाबण्याआधी मी दोन गोष्टी करते. कमांड मराठीत वाचते, म्हणजे 'कोणाला' हा शब्द आधी कानावर पडतो. आणि शक्य असेल तिथे त्या 'कोणा'ला दिवा लावायला सांगते. सर्व्हर रूमच्या दारावर आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर काकांचं वाक्य माझ्या वाईट अक्षरात लिहिलं आहे.

जाता जाता, आमच्या मजल्यावरच्या त्या ताईला. तुझ्या ग्रुपचं सबमिशन वेळेवर झालं, ओरलही छान झाली, तू सगळ्यांना पेढे वाटलेस, मीही दोन खाल्ले. तुझी वर्षभराची रीडिंग्ज एका अंगठ्याच्या अंतरावर होती हे तुला मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत होत नव्हती. आता छापूनच आलंय. चहा माझ्याकडून. काकांनाही बोलावू या.